कौसल्याबाईंचं सासरचं नाव

मुलाखत घ्यायला मी गेले होते, पण घेतली त्यांनी.

"नाव काय लेकराचं?"

"ओवी."

"पूर्ण सांगा."

मी ओवीचं, तिच्या वडिलांचं नाव आणि आडनाव सांगितलं.

"आईचं?"

"माझं? स्मिता."

"गाव?"

आता काय सांगावं? लेकराचा जन्म मस्कतचा, माझं सासर लातूरकडचं, माहेर हट्टा. मी हट्टा म्हणाले. "बराबर," म्हणत कौसल्याबाईंनी ओवीला माझ्या कडेवरून उचललं, तिची नखं पाहिली, कानामागं बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळल्या. "कानामागं वलं ऱ्हातंय हिच्या. दूध उतरतंय तिथं. पुसत जा, ताई." दहा महिने मी पुस्तकं वाचून लेकरू वाढवत होते. कानामागचं कुणीच लिहिलं नव्हतं.

माझी अडचण गळ्याशी आली होती. मस्कतमधल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी काम करते. बाळंतपणाची रजा वाढवून वाढवून संपत आली होती, अडीच महिन्यांत रुजू झाले नाही तर जागा जाणार होती. नवरा प्रशांत तिथंच पाळीच्या कामावर, आई मागच्या वर्षीच गेलेली, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तेव्हा लेकरू घेऊन मी हट्ट्याला आले ते एकाच कामासाठी, सोबत न्यायला बाई शोधायची. आणि नुसती बाई चालणार नव्हती. व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटानं बजावलं होतं की लहान मुलं सांभाळायचं शिक्षण घेतल्याचा कागद हवा, तरच पुढे बोला. दोन आठवडे मी वसमत-हिंगोली पालथी घातली. एक बाई नवऱ्यासकट यायला तयार होती. एकीनं मस्कत मुंबईच्या अलीकडे की पलीकडे हे विचारलं आणि पलीकडे म्हटल्यावर उठून गेली. शेवटी आमचे अण्णा, आयुष्यभर शाळामास्तर राहिलेले, पेपर खाली ठेवून म्हणाले, "शिकलेली म्हणशील तर गावात एकच आहे. कौसल्या. पण तिला कुणी विचारलेलं नाही आजवर काही."

कौसल्याबाईंना मी लहानपणापासून ओळखत होते, म्हणजे नुसतं बघत होते. त्या दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आल्या, ते मूल जगलं नाही, आणि सासरचे त्यांना न्यायला आलेच नाहीत. पहिला मुलगा दोन वर्षांचा होता, तो आजीनं तिकडंच ठेवून घेतलेला. भाऊ दोनदा जाऊन हात हलवत परत आला. वर्षाच्या आत नवऱ्यानं दुसरी केली. गावानं मग बाईंना 'टाकलेली' म्हणायला सुरुवात केली आणि ते त्यांच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. त्याच सुमारास एका संस्थेनं गावात बालवाडी काढली. बाईंनी शाळेचा दाखला शोधला, हिंगोलीला राहून शिकून आल्या आणि एकोणीस वर्षं बालवाडी चालवली. संस्था बंद पडली तशी भावाच्या पडवीत लेकरं सांभाळायला लागल्या. शेतावर जाणाऱ्या बाया सकाळी लेकरं सोडायच्या, दिवेलागणीला घेऊन जायच्या.

त्यांचे नियम विचित्र होते. कुठल्याही लेकराला त्यांनी कधी सोन्या, छकुली, बाळ म्हटलं नाही. पाळण्यातल्या पोरालाही बापाच्या नावासकट हाक. "ओवी प्रशांत, माती खाऊ नका." बोलायला लागलेल्या प्रत्येक पोराकडून त्या पाच गोष्टी घोटून घ्यायच्या: नाव, बापाचं नाव, आडनाव, आईचं नाव, गाव. बरोबर आलं की "बराबर" म्हणून एक शेंगदाणा. जत्रेत हरवलं तर सांगता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पप्पी घ्यायची नाही, हाही नियम. मी एकदा चेष्टेनं विचारलं, एवढं गोड लेकरू, तुम्हाला मोह होत नाही का? त्यांनी ओवीचा लंगोट पिळता पिळता सांगितलं, "संध्याकाळी परत द्याचं असतंय, ताई. ते ध्यानात ठिवूनच उचलावं."

पण ज्या गोष्टीनं मी त्यांच्यापुढे खरी वाकले ती वेगळीच. व्हिसाच्या कागदांची जुळवाजुळव चालली होती तोवर ओवी दिवसभर पडवीतच असायची. एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, "पाय उचलू उचलू करून राहिली हो. आज उद्याकडं घरी ध्यान ठिवा." मी ध्यान ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या खुर्चीपासून माझ्यापर्यंत ओवी तीन पावलं चालत आली. मी रडले, प्रशांतला फोन लावला, अण्णांनी गूळ वाटला. चार दिवसांनी बाईंची वहिनी बोलता बोलता मला म्हणाली, "ती तर सोमवारीच चालली की! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत." मी बाईंकडे पाहिलं. त्या वहिनीवर एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मग गावातल्या एकेका आईला विचारत गेले. प्रत्येकीनं आपल्या लेकराचं पहिलं पाऊल आपल्या घरी पाहिलेलं होतं. एकोणीस वर्षं बालवाडीत आणि पुढे पडवीत, सगळ्या गावची पहिली पावलं बाईंनी पाहिली आणि पोटात ठेवली.

मस्कतला येणार का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पगार किती, विमान कसं असतं, तिथं भाकरी मिळते का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. एकच विचारलं.

"रात्रीबी माझ्यापाशीच ऱ्हाईल का?"

"हो. आमच्याच घरात राहायचं तुम्ही. माझी रात्रपाळी असली की तुमच्याच कुशीत."

"येते," त्या म्हणाल्या.

वहिनीनं पुढे सांगितलं की दिवेलागणीला शेवटचं लेकरू गेलं की त्या कुणाशी बोलत नाहीत. झाडलेली पडवी पुन्हा झाडतात. तेव्हा मला कळलं की त्यांना परदेशाचं अप्रूप नव्हतंच. संध्याकाळी परत द्यावं न लागणारं एक लेकरू त्यांना हवं होतं, आणि त्या आशेवर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी हो म्हटलं होतं.

कागद मागितले तेव्हा त्यांनी ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर नाव होतं कौसल्या, पुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधार कार्डावर होतं सुमन, पुढे नामदेव.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"माझंच. सासरचं नाव हाय ते." माहेरी येताना दवाखान्यात लागेल म्हणून मतदान कार्ड सोबत आणलेलं, गावात आधारचं शिबिर झालं तेव्हा फोटोचा कागद तेवढाच होता. "लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिवलं व्हतं सुमन. तांदूळ त्याच दिवशी शिजवून खाल्ले. नाव तेवढं ऱ्हायलं."

मी एजंटाला फोन लावला. तो हसला. "मॅडम, दोन नावं म्हणजे दोन बाया. पासपोर्टवर आणि सर्टिफिकेटवर एकच पाहिजे." उपाय होता. सासरच्या ग्रामपंचायतीनं दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा दाखला द्यायचा, मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नाव. सगळं वेळेत बसत होतं, दाखला लगेच मिळाला तर.

बाई दोन दिवस जेवल्या नाहीत असं वहिनी म्हणाली. नवरा तीन वर्षांपूर्वी वारल्याचं भावाच्या कानावर आलं होतं, मातीला कुणी बोलावलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या धुवट इरकल नेसून आमच्या दारात उभ्या राहिल्या. "चला," एवढंच म्हणाल्या. हट्ट्याहून हिंगोली एसटीनं, तिथून सेनगाव, आणि सेनगावच्या पुढं जीपनं. वाटभर ओवी त्यांच्या मांडीवर होती. गाव जवळ आलं तसा त्यांनी तिला उगाचच दोनदा पदरात गुंडाळून घेतलं.

ग्रामसेवक तरुण होता, बोलायला बरा. त्यानं संगणकात पाहिलं. "सुमन नामदेव. आहेत ना. परवाच ग्रामसभेत नळाच्या पाण्यावरून भांडल्या माझ्याशी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "परवा?"

"परवा. विधवा पेन्शन आहे त्यांना, घरकुल पण त्यांच्याच नावावर झालंय. तुम्ही कोण?"

खरं सांगते, बाईंच्या आधी मीच बोलले. म्हटलं, खऱ्या सुमन या. त्यानं आमच्या दोघींकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "ताई, त्यांनी लिहून दिलं की पहिल्या या आणि आपण दुसऱ्या, तर दाखल्याचं बघता येईल. पण मग चौकशी लागेल. घरकुल, पेन्शन, सगळंच बाहेर येईल. जाऊन बोला त्यांच्याशी."

दोन नावं म्हणजे दोन बाया, असं एजंट म्हणाला होता. इथं नाव एकच होतं आणि बाया दोन होत्या.

घर नवं, विटांचं, अजून गिलावा न झालेलं. अंगणात एक बाई तूर वाळत घालत होती. आम्हाला पाहून उठली, हात पदराला पुसले. आम्ही कोण ते सांगावं लागलं नाही, तिनं ओळखलं.

"या, अक्का," ती म्हणाली.

पाणी दिलं, चहा टाकला. चहाचं भांडं चुलीवर ठेवून पाठमोरीच बोलत राहिली. "माझं माहेरचं नाव चंद्रकला. सासू म्हनली, रेशन कार्डावर सुमन हाईच, कुठं खोडाखोड करीत बसावं. माझं तांदळात बी लिवलं न्हाई कुणी. कागदावर मी तुमच्याएवढी हाय, खरी सहा वर्सांनी लहान." मग कपबशी हातात घेऊन वळली. "तुमी काहून आलात ते कळलं मला. ग्रामसेवकाचा फोन आलता. लिवून देते, अक्का. तुमचंच नाव हाय, मी वापरलं इतकी वर्सं. फकस्त पोराला..."

तिनं दाराबाहेर डोकावून पाहिलं. "त्याला ठाव न्हाई. दोन वर्साचं व्हतं. मलाच आई म्हनतंय."

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि तो आत आला. चांगला उंच, पंचविशीचा, अंगाला शेतातली धूळ. "आई, पावने कोण?"

तो हे चंद्रकलेकडे बघून बोलला. मी जमिनीकडे पाहिलं. कौसल्याबाईंनी ओवीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"नाव काय बाबा तुझं?"

"गजानन."

"पूर्ण सांग."

तो हसला, पण सांगितलं, बापाचं नाव, आडनाव.

"आईचं?"

"सुमन."

"गाव?"

त्यानं गाव सांगितलं.

"बराबर," बाई म्हणाल्या.

"काहून विचारून राहिले? सर्वे हाय का?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "सर्वे हाय."

त्यानं ओवीचा गाल ओढला, कुणाचं लेकरू म्हणून विचारलं. "या ताईंचं. मी सांभाळते," बाईंनी सांगितलं. तो भाकरीचं फडकं घेऊन पुन्हा शेताकडे निघाला. मोटारसायकलचा आवाज दूर गेला. मग बाई उठल्या आणि त्यांनी चंद्रकलेच्या हातातली कपबशी काढून घेतली.

"चा न्हाई घेत मी. चला ताई, गाडी चुकंल."

मी तेव्हा जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. त्या बाईच्या देखत, तिच्याच दारात मी म्हणाले, "बाई, अहो, ती लिहून द्यायला तयार आहे ना!"

त्या थांबल्या नाहीत.

परतीच्या जीपमध्ये मला इतका राग आला होता की मी खिडकीबाहेर बघत बसले. माझी नोकरी, माझी घालवलेली रजा, सगळं मी मनात त्यांच्या डोक्यावर ओतत होते. सेनगाव आलं तेव्हा त्या आपणहून बोलल्या.

"तुमाला शिकलेली बाई पाह्यजे व्हती, ताई. चंद्रकलेपाशी कागद व्हता का? सांभाळलं का न्हाई माझं लेकरू चांगलं?"

मी पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं.

"मातीला हात घालनारं पोरगं हाय. पावन्याला विचारतंय, हसून बोलतंय. आन तिचं नाव काढून घिऊन म्या दुसऱ्याचं सांभाळाया जाऊ?" त्यांनी ओवीचं टोपडं सारखं केलं. "आईचं नाव बराबर सांगितलं त्यानं. तेवढं बास झालं."

मग त्या रडल्या, जीपमधल्या चार माणसांच्या देखत, आवाज न करता. ओवी त्यांच्या ओल्या गालावर बोट फिरवत राहिली. मी तिला घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

शेवटी निघायला सहाच दिवस उरले. प्रशांतनं मस्कतमध्येच केरळची एक बाई पाहिली, तिचे सगळे कागद एका नावाचे होते. माझं काम झालं. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि ती बाई दूध कोमट करते का, एवढं विचारून घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओवीला आणायला गेले तर ती वहिनीच्या मांडीवर रडून रडून घसा बसवून घेतलेली. बाई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून तूर निवडत होत्या. मला वाटलं, राग लेकरावर काढतायत. मी ताडकन बोलले.

"हात का लावला नाहीत तिला?"

"तिकडं जाऊन मला हुडकू नये तिनं." त्यांनी मान वर केली नाही. "हितं रडली तर उचलाया धा माणसं हायती. तिकडं नव्या बाईपाशी रडली तर ती म्हनल लेकरू वंगाळ हाय. आत्ताच मोडू द्या सवय. मी एकटीच मोडू शकते ती."

मी पाठवणं बंद करू शकले असते. केलं नाही, कारण त्यांना या कामातलं माझ्याहून जास्त कळत होतं. तिसऱ्या दिवशी मी दारात उभी राहून पाहिलं. ओवी डुगडुगत त्यांच्यापाशी गेली आणि मागून पदर ओढला. बाईंनी न वळता, मागं हात नेऊन, तिचं एकेक बोट पदरातून सोडवलं. ओवी पुन्हा धरायची, त्या पुन्हा सोडवायच्या. किती वेळ चाललं हे, सांगता येणार नाही. मी आत गेले नाही. पाचव्या दिवशी ओवी त्यांच्या शेजारीच बसून डब्याचं झाकण आपटत होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती.

विमानासाठी हैदराबादला जाणारी आमची गाडी सकाळी निघाली. वाट त्यांच्या पडवीवरूनच होती, मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. पोरं येऊन बसली होती. बाई रस्त्याकडे पाठ करून एका पोरीची वेणी घालत होत्या.

"येते, बाई," मी खिडकीतून म्हणाले.

"या," त्या म्हणाल्या. वळल्या नाहीत. वेणीचा पेड त्यांनी उसवला आणि पुन्हा घालायला घेतला.

सवय मोडू द्या हे त्यांचं सांगणं न जुमानता मी ओवीला खिडकीशी उभं केलं. ती त्या पाठीकडे बघेल, हात पुढे करेल, निदान एकदा रडेल, असं मला फार वाटत होतं. ओवीनं पडवीकडे पाहिलं. मग खांबाला बांधलेल्या शेळीकडे बोट केलं आणि मोठ्यानं हसली. ते बाईंना ऐकू गेलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पाठ तशीच ठेवली.